गोळी, घर आणि रोजगार

एखाद्या रोगाचे कारण सापडले, तो कसा पसरतो हे कळले आणि त्याला अटकाव करणारे औषधही हाती आले, म्हणजे तो रोग आटोक्यात यायला किती काळ लागावा? पाठ्यपुस्तकातला धडा बहुधा औषधाच्या शोधापाशी संपतो. पुढचे काम आरोग्य खात्याचे, असे आपण गृहीत धरतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीय पुरुष आणि एच.आय.व्ही. यांच्या बाबतीत मात्र खरा प्रश्न औषध सापडल्यानंतरच उभा राहिला.

एड्सची पहिली नोंद अमेरिकेत ५ जून १९८१ रोजी प्रसिद्ध झाली. लॉस एंजलिसमधील पाच तरुण पुरुषांना एका विरळा प्रकारचा न्यूमोनिया झाला होता. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील शास्त्रज्ञांनी या रोगाचा विषाणू वेगळा केला. १९९६ पासून अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. जुलै २०१२ मध्ये तर संसर्ग होण्याच्या आधीच घ्यायच्या प्रतिबंधक गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली.

एवढे सगळे होऊनही २०२२ या एका वर्षात अमेरिकेत अंदाजे ३१,८०० लोकांना नव्याने संसर्ग झाला. कृष्णवर्णीयांचा लोकसंख्येतील वाटा सुमारे १२ टक्के आहे, पण या नव्या संसर्गांत तो ३७ टक्के होता. तेथील रोगनियंत्रण केंद्राने २०१६ मध्ये मांडलेला अंदाज अधिकच अस्वस्थ करणारा होता. त्या वेळचे प्रमाण तसेच राहिले तर पुरुषांशी लैंगिक संबंध असणाऱ्या कृष्णवर्णीय पुरुषांपैकी दर दोघांत एकाला आयुष्यात कधी ना कधी एच.आय.व्ही. होईल, असे ते गणित होते. गोऱ्यांमध्ये हेच प्रमाण अकरांत एक असे होते.

विषाणू एकच, औषध एकच, देशही एकच. मग एवढा फरक कशामुळे?

गोळी काय करते?

आधी औषधाचे काम समजून घेऊ. एच.आय.व्ही. आपल्या प्रतिकारशक्तीच्या ‘सीडी-४’ या पेशींत शिरतो. त्याचा जनुकीय मजकूर आर.एन.ए.च्या रूपात असतो. पेशीत शिरल्यावर एका विकराच्या मदतीने तो या मजकुराची डी.एन.ए.मध्ये नक्कल करतो आणि ती नक्कल पेशीच्या डी.एन.ए.त बेमालूम जोडून टाकतो. एकदा ही जोडणी झाली, की विषाणू शरीरातून संपूर्णपणे हुसकून लावणे आजच्या औषधांना जमत नाही.

प्रतिबंधक गोळीतील टेनोफोव्हिर आणि एम्ट्रिसिटाबिन ही दोन औषधे या नक्कल करण्याच्या पायरीवरच घाव घालतात. डी.एन.ए. ही मण्यांची माळ आहे अशी कल्पना करा. या औषधांचे रेणू खऱ्या मण्यांसारखेच दिसतात, पण त्यांना भोक एकाच बाजूला असते. असा मणी माळेत ओवला गेला की पुढचा मणी ओवताच येत नाही. नक्कल अर्धवट राहते आणि संसर्ग रुजत नाही.

यासाठी विषाणू शरीरात येईल त्या क्षणी हे खोटे मणी पेशींत हजर असायला हवेत. सहा देशांतील २,४९९ जणांवर झालेल्या ‘आयप्रेक्स’ या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. गोळी दिलेल्या संपूर्ण गटात संसर्गाचे प्रमाण ४४ टक्क्यांनी घटले. पण ज्यांच्या रक्तात औषध प्रत्यक्ष सापडले त्यांच्यात संसर्गाचा धोका तब्बल ९२ टक्क्यांनी कमी होता. ४४ आणि ९२ यांमधले अंतर औषधाच्या रसायनशास्त्रात शोधून सापडणार नाही. गोळी हातात पडणे आणि ती नेमाने पोटात जाणे यांमधले ते अंतर आहे.

प्रतिबंधाचा दुसरा मार्ग म्हणजे ज्याला संसर्ग झाला आहे त्याच्यावरच उपचार करणे. औषधे नियमित घेतली की रक्तातील विषाणूंची संख्या मोजता येणार नाही इतकी खाली जाते. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांच्या एका अभ्यासात (पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थाही त्यात सहभागी होती) उपचार लवकर सुरू केल्याने जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटल्याचे २०११ मध्ये दिसून आले. २०१९ मध्ये युरोपातील ७८२ पुरुष जोडप्यांच्या अभ्यासाने आणखी पुढचे पाऊल टाकले. रक्तातील विषाणू मोजमापाच्या खाली असलेल्या पुरुषाकडून जोडीदाराला संसर्ग झाल्याचे एकही उदाहरण त्यात आढळले नाही.

म्हणजे बाधित व्यक्तीने औषध घेतले तरी संसर्ग थांबतो आणि निरोगी व्यक्तीने घेतले तरी थांबतो. दोन्हीकडे अट सारखीच आहे. गोळी रोज घेतली पाहिजे आणि ठरलेल्या दिवशी तपासणीला गेले पाहिजे. प्रतिबंधक गोळी घेणाऱ्याला दर तीन महिन्यांनी एच.आय.व्ही.ची तपासणी करावी लागते. नकळत संसर्ग झाला असेल आणि तरीही दोनच औषधे चालू राहिली, तर त्या औषधांना दाद न देणारा विषाणू तयार होण्याचा धोका असतो.

वागणुकीचा दोष की वस्तीचा?

एखाद्या समाजात रोग जास्त दिसला की दोन उत्तरे पटकन पुढे येतात. एक, ‘त्यांच्या रक्तातच काही असेल’ आणि दुसरे, ‘ते लोक बेफिकीर वागत असतील’. विज्ञानाच्या शिक्षकाने ही दोन्ही उत्तरे तपासून घ्यायला हवीत.

उत्तर युरोपीय वंशाच्या सुमारे एक टक्का लोकांत एक जनुकीय बदल दुहेरी असतो आणि त्यामुळे एच.आय.व्ही.चे नेहमीचे प्रकार त्यांच्या पेशींत शिरू शकत नाहीत, हे खरे आहे. पण शंभरांत एकाला मिळणाऱ्या या संरक्षणाने कित्येक पटींच्या फरकाचा उलगडा होत नाही.

वागणुकीचा प्रश्न ग्रेगोरियो मिलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून तपासला. त्यांचा २०१२ मधील निबंध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुषांशी संबंध असणारे कृष्णवर्णीय आणि इतर पुरुष यांची तुलना करता कृष्णवर्णीयांचे वागणे अधिक धोक्याचे असल्याचे दिसले नाही. निरोधचा वापर तेवढाच होता आणि अमली पदार्थांचा वापर उलट कमी होता. फरक होता तो इतरत्र: कमी उत्पन्न, बेकारी, तुरुंगवास, आरोग्यविम्याचा अभाव, उशिरा सुरू होणारे किंवा मध्येच तुटणारे उपचार.

वागणूक सारखी असून धोका वेगळा कसा, हे वर्गात चिठ्ठ्यांनी दाखवता येईल. दोन डब्यांत शंभर-शंभर चिठ्ठ्या ठेवा. पहिल्यात ५ तांबड्या आणि दुसऱ्यात २५ तांबड्या. तांबडी चिठ्ठी म्हणजे संसर्ग असूनही उपचार न मिळालेली व्यक्ती. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.) प्रत्येक विद्यार्थ्याने दोन्ही डब्यांतून तीन-तीन वेळा चिठ्ठी काढायची आणि दर वेळी ती परत टाकायची. तीनांपैकी एकदा तरी तांबडी येण्याची शक्यता पहिल्या डब्यात १ – (०.९५)³, म्हणजे सुमारे १४ टक्के, तर दुसऱ्यात १ – (०.७५)³, म्हणजे सुमारे ५८ टक्के येते. दोघांचेही वागणे सारखेच, तीन वेळा चिठ्ठी काढण्याचे. धोका मात्र चौपट. माणूस आपले जोडीदार बहुतेक आपल्याच ओळखीच्या वर्तुळातून निवडतो. त्या वर्तुळात उपचार न मिळालेले लोक किती आहेत, यावर त्याचा धोका ठरतो.

म्हणून दुसऱ्या डब्यातल्या तांबड्या चिठ्ठ्या कमी कशा होत नाहीत, हा खरा प्रश्न आहे.

पत्ता नसलेला रुग्ण

एखादा पुरुष आज मित्राकडे, उद्या निवाऱ्यात आणि परवा मोटारीत झोपतो आहे असे समजा. त्याची औषधाची बाटली हरवते किंवा चोरीला जाते. निवाऱ्यातील दाटीत ती बाटली दिसली तर आजार उघड होईल, या भीतीने तो गोळी घेणे टाळतो. विम्याचा अर्ज, तपासणीचे पत्र, दवाखान्याचा निरोप या सगळ्यांना पत्ता लागतो आणि तोच त्याच्याकडे नसतो. रात्रीच्या निवाऱ्याच्या बदल्यात शरीरसंबंध मागितला गेला, तर निरोध वापरण्याचा आग्रह धरण्याची ताकद त्याच्यापाशी राहत नाही. तासाच्या मजुरीवर काम करणाऱ्याला दर तीन महिन्यांनी दवाखान्यात जायचे म्हणजे दिवसाचा रोज बुडवणे आले. अमेरिकेत आरोग्यविमा बऱ्याच अंशी नोकरीशी जोडलेला आहे. नोकरी गेली की बहुधा विमाही जातो. गरिबांसाठीची सरकारी विमा योजना विस्तारायची की नाही, हे २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे राज्यांच्या मर्जीवर राहिले. ती न विस्तारणाऱ्या राज्यांत दक्षिणेकडील अनेक राज्ये आहेत आणि देशातील नव्या संसर्गांपैकी जवळजवळ निम्मे दक्षिणेतच होतात.

अशी अडचण कोणत्याही वर्णाच्या गरिबाला येईल. मग ती कृष्णवर्णीयांना अधिक का? याला इतिहास आहे. १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे तयार केले आणि कर्जाला ‘धोकादायक’ ठरवलेल्या वस्त्या तांबड्या रंगाने दाखवल्या. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुधा याच रंगात आल्या. घरांच्या व्यवहारात भेदभाव करण्यास कायद्याने बंदी आली ती १९६८ मध्ये. तोवर एका पिढीची घरे उभी राहायची राहून गेली होती. २०२३ च्या मोजणीत अमेरिकेतील बेघरांपैकी ३७ टक्के लोक कृष्णवर्णीय होते.

रोजगाराच्या बाबतीत एक सुरेख प्रयोग आहे. डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ महिलेने २००१ मध्ये मिलवॉकी शहरात दोन गोरे आणि दोन कृष्णवर्णीय तरुण नोकरीचे अर्ज घेऊन ३५० ठिकाणी पाठवले. प्रत्येक जोडीत शिक्षण आणि अनुभव सारखाच दाखवला होता. फक्त एकाच्या अर्जात तुरुंगवासाची नोंद होती आणि ही नोंद दोघांत आळीपाळीने बदलली जाई. नोंद नसलेल्या गोऱ्या तरुणाला ३४ टक्के ठिकाणांहून पुढचे बोलावणे आले, नोंद असलेल्या गोऱ्याला १७ टक्के. नोंद नसलेल्या कृष्णवर्णीयाला १४ टक्के आणि नोंद असलेल्याला अवघे ५ टक्के. म्हणजे कधीच तुरुंगात न गेलेल्या कृष्णवर्णीयापेक्षा तुरुंगातून आलेल्या गोऱ्याला बोलावणे थोडे अधिकच आले.

घर औषधासारखे काम करते का?

घर नसणे आणि रोग बळावणे या गोष्टी एकत्र दिसतात एवढ्यावरून एक दुसरीचे कारण आहे असे म्हणता येत नाही. आजारामुळे नोकरी जाऊन घर सुटले असेल, हेही शक्य आहे. कार्यकारण तपासायचे तर औषधाची चाचणी घेतात तशीच घराचीही घ्यावी लागते. चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला घर द्यायचे आणि दुसऱ्याला नेहमीची मदत चालू ठेवायची. अशा चाचण्या झालेल्या आहेत.

शिकागोत रुग्णालयात दाखल झालेल्या बेघर रुग्णांवर असा प्रयोग करण्यात आला. त्यांतील एच.आय.व्ही. असलेल्या १०५ जणांचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला रुग्णालयातून निघताना निवासाची आणि सोबत एका समाजकार्यकर्त्याची सोय करून दिली होती. वर्षानंतर या गटातील ५५ टक्के लोक जिवंत आणि प्रतिकारशक्ती टिकून असलेले होते. नेहमीची मदत मिळालेल्या गटात हे प्रमाण ३४ टक्के होते.

दुसरा प्रयोग बाल्टिमोर, शिकागो आणि लॉस एंजलिस येथे ६३० जणांवर झाला. एका गटाला घरभाड्याची मदत तातडीने देण्यात आली. दीड वर्षाने या गटातील ८२ टक्के लोक स्वतःच्या घरात होते, पण तुलनेच्या गटातील ५१ टक्के लोकांनीही एव्हाना घर मिळवले होते. त्यामुळे दोन गटांच्या तब्येतीत ठळक फरक दिसला नाही. मात्र गटाचा विचार बाजूला ठेवून, मधल्या काळात कोण खरोखर बेघर राहिले हे पाहिले, तेव्हा बेघर राहिलेल्यांच्या रक्तात विषाणू सापडण्याचे प्रमाण जास्त असल्याचे दिसले. तुलनेचा गट हुबेहूब तसाच राखणे माणसांच्या बाबतीत किती कठीण असते, याचे हे चांगले उदाहरण आहे. कुणी घर शोधत असेल तर संशोधक त्याला थांबवू शकत नाही, आणि थांबवूही नये.

बाधित माणसाचा उपचार टिकला की त्याच्याकडून होणारा संसर्ग थांबतो, हे आपण वर पाहिले. म्हणून घराचा हा परिणाम केवळ त्या एका माणसापुरता राहत नाही. डब्यातली एक तांबडी चिठ्ठी त्यामुळे पांढरी होते. एड्सच्या रुग्णांसाठी निवासाची योजना करणारा कायदा अमेरिकेने १९९० मध्येच केला होता. तेव्हा हेतू होता मरणासन्न माणसाला छप्पर देण्याचा. आज तीच योजना प्रतिबंधाचेही साधन ठरते.

निरोगी पुरुषाचे काय?

ज्याला अजून संसर्ग झालेला नाही, पण धोका मोठा आहे, अशा पुरुषाला घर आणि काम मिळवून देण्याचे प्रयत्न तुलनेने नवे आहेत. २०१३ मध्ये लॉस एंजलिस, वॉशिंग्टन आणि चॅपल हिल या तीन ठिकाणी सुरू झालेल्या अभ्यासात २२६ कृष्णवर्णीय पुरुषांना प्रतिबंधक गोळी देऊ करण्यात आली. घ्यायची की नाही हे त्यांचे त्यांनी ठरवायचे होते. गोळीबरोबर एक समुपदेशक नेमला होता. ‘तुला आत्ता कशाची गरज आहे?’ असे विचारून तो त्या गरजेवर काम करी, मग ती गरज दवाखान्याची असो वा दवाखान्याबाहेरची. ७९ टक्के पुरुषांनी गोळी सुरू केली. ‘हे लोक गोळी घ्यायलाच तयार नसतात’ हा समज त्यामुळे खोटा ठरला. या अभ्यासात तुलनेचा गट नव्हता, ही त्याची मर्यादाही लक्षात ठेवली पाहिजे.

त्यानंतर २०१५ ते २०२० या काळात रोगनियंत्रण केंद्राने सात आरोग्य विभागांना याच धर्तीच्या कार्यक्रमासाठी निधी दिला. तपासणी, प्रतिबंधक गोळी आणि उपचार यांच्याच जोडीला निवास, नोकरीचे प्रशिक्षण आणि मानसिक आरोग्य या सेवा त्यात होत्या. शिकागोत तरुणांसाठी नोकरीचा अर्ज आणि मुलाखत यांची तयारी करून घेणाऱ्या कार्यशाळांची एच.आय.व्ही. प्रतिबंधाचे साधन म्हणून चाचणी घेण्यात आली. बाल्टिमोरमध्ये बेघर कृष्णवर्णीय तरुणांना छोटा व्यवसाय सुरू करण्यासाठी मार्गदर्शन आणि थोडे भांडवल देऊन पाहण्यात आले. हे रोजगाराचे प्रयोग लहान आहेत. असा कार्यक्रम चालवता येतो आणि तरुण त्यात टिकून राहतात, एवढे त्यांतून दिसते. नवे संसर्ग किती घटतात हे मोजायला मोठ्या चाचण्या लागतील. उपचार चालू असलेल्या रुग्णासाठी घराचा उपयोग जितका सिद्ध झाला आहे, तितका निरोगी पुरुषासाठी नोकरीचा झालेला नाही, हा फरक पुसून टाकणे शास्त्राला धरून होणार नाही.

यात विश्वासाचाही भाग आहे. अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत सरकारी आरोग्यसेवेने उपदंश झालेल्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय पुरुषांना, रोग कसा वाढतो हे पाहण्यासाठी, उपचाराविना ठेवले. १९४० च्या दशकात पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना दिले नाही. ही आठवण असलेल्या समाजात ‘तुम्हाला रोग नाही, तरी ही गोळी रोज घ्या’ असे सांगणाऱ्याकडे लोक संशयाने पाहतात, यात नवल नाही. घर आणि काम मिळवून देण्यासाठी जो माणूस महिनोन्‌महिने बरोबर फिरतो, त्याचे औषधाबद्दलचे बोलणे मग ऐकले जाते.

नवे औषध आले की प्रश्न मिटेल?

रोजच्या गोळीची कटकट टळावी म्हणून दीर्घकाळ टिकणारी इंजेक्शने आली आहेत. दोन महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनाला डिसेंबर २०२१ मध्ये आणि सहा महिन्यांनी घ्यायच्या लेनाकापाव्हिरला जून २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. गोळ्यांची बाटली सांभाळण्याची चिंता त्यामुळे संपते आणि बेघर माणसाला याचा फायदा नक्की होईल. पण इंजेक्शनासाठीही दवाखाना गाठावा लागतो, आधी तपासणी करावी लागते आणि किंमत कुणीतरी मोजावी लागते. गोळीचा अनुभव येथे उपयोगी पडावा. मान्यतेला नऊ वर्षे झाल्यावर, २०२१ मध्ये, गोळीची गरज असलेल्या गोऱ्यांपैकी ७८ टक्क्यांना ती लिहून दिली गेली होती, तर कृष्णवर्णीयांपैकी केवळ ११ टक्क्यांना. चांगले औषध आले की ते आधी कुणापर्यंत पोचते हे या आकड्यांवरून समजते. बाकीची व्यवस्था तशीच ठेवली तर नव्या औषधाने दोन गटांतील दरी वाढण्याचीही शक्यता आहे.

खर्चाचा आक्षेप नेहमी घेतला जातो. घरभाडे देणे हे आरोग्य खात्याचे काम आहे का, असे विचारले जाते. अमेरिकेत एका एच.आय.व्ही. बाधिताच्या आयुष्यभराच्या उपचाराचा खर्च चार लाख डॉलरच्या आसपास येतो. या आकड्याशेजारी घरभाड्याचा आकडा मांडला, की हिशेब निराळा दिसू लागतो.

वर्गात रोगप्रतिबंध शिकवताना आपण विषाणू, पेशी आणि औषध यांची आकृती फळ्यावर काढतो. त्याच आकृतीत दवाखान्यापासून त्या माणसाच्या उशापर्यंतची वाट काढायला विद्यार्थ्यांना सांगावे. औषध कोण लिहून देते, पैसे कोण भरते, तो माणूस कामावरून केव्हा सुटतो, रात्री कुठे झोपतो, गोळ्या कुठे ठेवतो, या एकेका टप्प्यावर काय अडू शकते ते त्यांनी लिहून काढावे. ‘लोक औषध घेत नाहीत’ हे वाक्य पुढे कधी कानावर आले, तर यांपैकी कोणत्या टप्प्यावर गाडी अडली आहे, असा प्रश्न त्यांना आपोआप सुचेल.